मागचा टर्बो

अडतीस दशांश सहा मिलिमीटर.

बायकोचा भुवयांचा ब्रश, तेलाने काळा झालेला.

अकरा पाती. पुन्हा मोजली, बारा. पहिलं पातं दोनदा धरलं होतं.

"अहो, तो दिवा माझ्या डोळ्यांत नका मारू."

निळा धूर.

आता सरळ सांगतो. मी दहा वर्षं जुनी, वेगासाठी नावाजलेली गाडी घेतली. ती वेगाने धूर सोडायची. मिस्त्री बॉनेटखाली डोकं घालून म्हणाला, "साहेब, हे दोन्ही टर्बो कंपनीचे नाहीत. कोणीतरी बाहेरून बसवलेत." टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा शंखासारखा भाग. माझ्या गाडीत एक पुढे, हाताशी. एक पार मागे, अडचणीत. पुढच्यावरची नावाची पट्टी कोणीतरी घासून टाकलेली.

"नेमके कोणते ते कळलं की आतलं सामान मागवू. पण गाडी उभी ठेवायला माझ्याकडे जागा शनिवारपर्यंतच."

घरी बायको म्हणाली, "शनिवारी गाडी चालत घरी आली तर आपली. नाहीतर विकायची."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

दोन संध्याकाळी बायकोला सोबत घेऊन मिस्त्रीकडे पुढच्या टर्बोचं तोंड मोजलं, पाती पुसून मोजली, इंटरनेटवरच्या चित्रांशी ताडली. सापडला! जेवताना मी हवेच्या दाबावर व्याख्यान दिलं. बायकोने न विचारता आणखी भात वाढला. मी ते कौतुक समजलो.

शुक्रवारी सामान आलं. पुढच्यात चपखल बसलं. माझी छाती फुगली. मागच्यात घातलं, तर नवं बेअरिंग खुळखुळ्यासारखं वाजलं.

"साहेब, मागचा मोजला होतात?"

"दोन्ही सारखेच असणार ना."

"कोणी सांगितलं?"

"जोडी आहे."

"जोडी तर तुमची आणि वहिनींचीही आहे."

धूर मागच्यातूनच येत होता. पुढचा आधीच ठणठणीत होता, मी त्याला आणखी ठणठणीत केला. आजार म्हशीला, औषध पखालीला.

शनिवारी बायको आली. पर्समधला आरसा तिने इंजिनामागे सरकवला.

"इथे पट्टी आहे की. नंबरसुद्धा आहे. उलटा दिसतोय, पण वाचता येतोय. सांगू?"

मिस्त्रीने तो लिहून घेतला. "सामान यायला दहा दिवस."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग आरसा पुसून पर्समध्ये टाकला.

शब्दाप्रमाणे गाडी विकली, ती मिस्त्रीनेच घेतली. मग त्याच्याकडे जागाही निघाली.

तीन आठवड्यांनी त्याने आम्हाला एक फेरी मारून आणली. धुराचा मागमूस नव्हता. बायको पुढे बसली होती. मी मागे.

गाडी घेतली त्या दिवशी विकणारा म्हणाला होता, "दोन्ही टर्बोंचे कागद घरात आहेत, आणून देतो." मी म्हटलं होतं, "राहू द्या, मला बघून कळतं."