नऊ वाजून चार मिनिटांनी आलेलं उत्तर

धाकट्याने घरबसल्या काम करणाऱ्या टीमसाठी एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. लोकांनी मनातलं लिहायचं, साहेबाला फक्त मजकूर दिसायचा, नाव कुठेच नाही. पहिलं गिऱ्हाईक घरचंच, त्याचे भाऊजी. त्यांच्या हाताखाली सहा माणसं, त्यांतली एक धाकट्याची सख्खी ताई. नवरा बाहेरच्या खोलीत, बायको आतल्या, बाकीचे पाच जण पश्चिमेकडच्या पाच देशांत. भाऊजींनी हट्टच धरला, उत्तर आलं की तत्क्षणी मला दिसलं पाहिजे. धाकट्याने तेही करून दिलं. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

शिवाय आपली अक्कल चालवून त्याने एक सोय घातली. प्रश्न प्रत्येकाला त्याच्या त्याच्या घड्याळात सकाळी नऊला जाणार, कुणाची झोपमोड नको. कोण कौतुक वाटलं होतं त्याला स्वतःचं!

सोमवारी नऊला प्रश्न गेला, कामात तुम्हाला कशाची भीती वाटते? चार मिनिटांत उत्तर. धाकटा हरखून वाचायला गेला. 'साहेबांची. ते चिडले की माझं अंग गार पडतं.'

कुणीही लिहिलं असेल, असं म्हणता म्हणता त्याची नजर घड्याळावर गेली. बाकीचे पाचही जण अजून अंथरुणात होते. नऊ वाजले होते ते एकाच घरात. ताई वर्षभर कॅमेरा का लावत नाही, उकाड्यात लांब बाह्या का घालते, हे त्याला एका झटक्यात कळलं. आणि घड्याळ भाऊजींनाही कळत होतं; उत्तर तर त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं. ताईने फोन उचलला नाही. तो दोन गल्ल्या अनवाणी धावला.

दार आतून बंद. त्याने खांद्याने कडी उखडली. भाऊजींनी ताईचा उजवा हात टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दाबून धरला होता आणि गुडघ्याने ड्रॉवर आत ठोकत होते.

"लिही ना आता," ते शांतपणे म्हणत होते.

ताई ओरडत नव्हती. तिने ओठ इतका चावला होता की रक्त हनुवटीवर आलं होतं.

धाकट्याने आजवर मुंगी मारली नव्हती. त्याने मॉनिटर उचलला आणि भाऊजींच्या तोंडावर हाणला. काच फुटली, दात पडले. भाऊजींनी पट्टा काढून फिरवला, बक्कल त्याच्या भुवईत रुतलं. मग अहो-जाहो गेलं चुलीत. धाकट्याने त्याला आडवा पाडला, छातीवर बसला आणि ठोसे घालत राहिला. मेला तर मेला, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. शेवटी ताईनेच डाव्या हाताने त्याला मागे खेचलं.

कण्हणाऱ्या माणसाला तिथेच टाकून दोघं जिन्यात येऊन बसली. ताईची तीन बोटं मोडली होती. शर्ट फाडून ती बांधताना त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला जाब विचारला असतास," ती म्हणाली. "इथे नाव कळत नाही म्हणालास. म्हणून लिहिलं."

त्याच्या हातून गाठ बसेना. ताईने कापडाचं टोक दातात धरलं आणि गाठ स्वतःच आवळली.