एका हातानं घेतलेली बांगडी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. हाँगकाँगच्या टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजात शिकताना मला दोन म्हाताऱ्यांची धास्ती होती. तिथे प्रोफेसर विदरबी आणि घरी आमचे आजोबा.

परवानगी देतानाच आजोबांनी बजावलं होतं, "इंग्रजांची विद्या शीक, सिउ-क्वान. पण त्यांची वागणूक या घरात दिसली, की त्या दिवशी कॉलेज बंद!"

विदरबींची तऱ्हा उलटी. एकदा कॉलऱ्याच्या जंतूंची उघडी नळी माझ्या हातात असताना त्यांनी दुसरी नळी पुढे केली. मोठ्या माणसांकडून काहीही घ्यायचं ते दोन्ही हातांनी, हे आम्हा चिनी माणसांच्या अंगात मुरलेलं. मी पटकन हातातली नळी टेबलावर टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले. ती गडगडली आणि सगळं टेबलभर सांडलं.

"मूर्ख मुली, सगळ्यांना मारशील!" विदरबी गरजले. "परीक्षेत असं केलंस तर नापास. मग बस घरी भात शिजवत."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. स्वयंपाकघरात आईच्या हातून पेल्या, वाट्या एका हातानं घ्यायचा मी सराव करू लागले. आई म्हणायची, "आजोबांनी पाहिलं ना, तर तुझ्याबरोबर मलाही हाकलतील गं बाई!"

परीक्षेत विदरबींनी मुद्दाम दुसरी नळी पुढे केली. पण डाव्या हातातली नळी सुटली नाही, आणि उजवा हात एकटाच पुढे गेला.

"आत्ता जमलं," ते म्हणाले. मी पास झाले.

संध्याकाळी आजोबांनी आजीची जेडची बांगडी बाहेर काढली. आजी गेल्यापासून त्यांनी तिला कुणालाही हात लावू दिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घे पोरी. डॉक्टरीण होणार तू."

माझ्या डाव्या हातात चहाची पेली होती. उजव्या हातानं मी बांगडी घेतली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा कुठे मला कळलं.

"आजोबा, चुकले मी. कॉलेज बंद नका ना करू!"

"बंद कशाला करू?" ते हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "जा की. तू आता तिथलीच."

त्यांनी बांगडी परत मागितली. मी ती दोन्ही हातांनी पुढे केली, आणि आजोबांनीही ती दोन्ही हातांनी घेतली, परक्या पाहुण्याकडून घ्यावी तशी.