सुई गार ठेवणारा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. रंग निळा, तोंड रुंद. झाकणाला चीर गेली आहे आणि बुडाशी एक पोचा आहे. तरीही माझ्या पोटातले औषध एकदाही गरम झालेले नाही. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ते खरे आहे.

कारखान्यात पोलादाची दोन भांडी एकात एक बसवून, मधली हवा काढून मला घडवले. पुढे महाडच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात होतो. एका सकाळी कापडे गावचा अनिल आला आणि त्याने दुकानदाराला एकच विचारले, "बर्फ टिकल काय?"

त्याची बायको वैशाली हिला हिपॅटायटिस बी झाला होता. या आजाराचा विषाणू यकृतात ठाण मांडून बसतो. महाडच्या डॉ. प्रियदर्शिनींनी तिला दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन सुरू केले होते. वर्षभराचा हा उपचार संपला की बाळाचा विचार करा, असे त्या म्हणाल्या होत्या. वैशालीने नेमके तेवढेच मनात धरले होते.

सुई गार हवी, पण गोठता कामा नये. म्हणून अनिल माझ्या तळाशी बर्फ ठेवी, त्यावर फडक्याची घडी आणि घडीवर इंजेक्शनची डबी. महाडहून एसटीने पोलादपूर, तिथून कापडे. पावसाळ्यात एकदा दरड कोसळली आणि गाडी दुपारभर रस्त्यातच उभी राहिली. संध्याकाळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात सुई टोचणाऱ्या सेजल नर्सने डबी हातात घेतली आणि म्हणाली, "अनिलदादा, हा थर्मास हाय का फ्रीज?" एवढे कौतुक मला पुष्कळ झाले.

काही महिन्यांनी वैशालीच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. त्यांवर पांढरे पापुद्रे धरू लागले. मग गुडघ्यांवर, मग केसांत. तिची सासू रंगूबाई हिने ते पाहिले आणि तिला उलट आनंदच झाला.

"आतलं बाहेर पडतंय गो," ती म्हणाली. "गोवर असाच बाहेर पडतो. आता दाबायचं नाय. डाक्टरीणबाईला दाखवलंस तर मलम लावंल नि सगळं परत आत जाईल."

वैशालीला सासूचे पटले नव्हते. पण चट्टे पाहून डॉक्टर सुई बंद करतील, मग बाळाचे काय, ही भीती तिला होती. म्हणून ती लांब बाह्यांचा ब्लाऊज घालू लागली आणि दवाखान्यातही डोक्यावरचा पदर ढळू देईना. चट्टे वाढतच होते. भाकरी थापताना कोपरावरच्या भेगांतून रक्त येई. अनिल विचारी तेव्हा ती म्हणे, "खाज हाय नुसती."

गोवर आला की घरात कडुलिंबाचा पाला ठेवायची रीत आहे. रंगूबाईने तो वैशालीच्या उशाशी ठेवला. एवढ्यावर न थांबता, सुईलाही मान हवा म्हणून तिने एक डहाळी माझ्याही पोटात सरकवली. ती सुई घेऊन सासू-सून दोघी उपकेंद्रात गेल्या. सेजलने झाकण उघडले आणि डहाळी बाहेर काढली.

"हे काय, रंगूकाकी? चटणी वाटायची काय थर्मासात?"

"हसू नको. हिच्या अंगावर बाहेर पडलाय. पाला लागतो."

सेजलचे हसू थांबले. तिने वैशालीची बाही वर सरकवली आणि त्या दिवशी सुई दिली नाही. दुसऱ्या दिवशी तीच न वापरलेली सुई ताज्या बर्फावर घेऊन मी महाडला परत गेलो. सोबत वैशाली, अनिल आणि रंगूबाई होती.

"हा गोवर नाही, सोरायसिस आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही सुई शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करते. ते विषाणूवर तुटून पडतात. पण एखाद्याच्या अंगात ते स्वतःच्या कातडीवरही धावून जातात. हा कातडीचा रोग कुणाला लागत नाही. लपवलात म्हणून इतका वाढला."

"मंग अशी सुई दिलीत कशाला?" रंगूबाई फणकारली.

"ती वर्षभरात संपणारी होती म्हणून. आता ती बंद, त्याऐवजी गोळी. रोज एक, बरीच वर्षं."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे बाळ नायच?"

"असं कोण म्हणालं? ही गोळी बाळंतपणातही चालते. फक्त मनाने सोडायची नाही."

गोळीला बर्फ लागत नाही. मी माळ्यावर गेलो, पालथा पडलो, कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. वाईट वाटले, पण खोटे कशाला बोलू, खाली वैशालीच्या कोपरांवरचे चट्टे मलमाने फिके होताना दिसत होते. पुरते गेले नाहीत. तिने मात्र बाही झाकणे सोडून दिले.

मित्रांनो, औषध चालू असताना अंगावर काही उठले तर ते झाकू नका, आणि घाबरून औषधही मनाने बंद करू नका. ज्यांनी औषध दिले त्यांना दाखवा. मी सुई गार ठेवू शकतो. बाहीखाली काय आहे ते सांगणे माझ्या हातात नाही.

गेल्या महिन्यात रंगूबाईने मला माळ्यावरून काढले, राखेने घासले आणि काठोकाठ भरले. एसटीत कंडक्टरने मला ओळखले.

"काय आजी, परत सुई चालू झाली?"

"नाय रे बाबा," रंगूबाई मला पोटाशी धरून म्हणाली. "बाळंतिणीची पेज हाय. आईचा आजार लागू नये म्हणून नातीला जन्मल्या जन्मल्या लस दिली डाक्टरीणबाईनं. सरक, बसू दे."

महाडच्या दवाखान्यात वैशालीने झाकण उघडले तेव्हा पेजेतून वाफ निघत होती.