मामाची पैज आणि आम्ही चौघी

थांबा, आधी माझी घंटी वाजली असं समजा, मग बोलते. न सांगता कुणाच्या वाटेत घुसणं मला जमत नाही. माझ्या वाटेत कुणी तसं घुसलं की माझं हँडल थरथरतं, हेही आधीच कबूल करून टाकते. मी एक सायकल आहे. हिरवी, वजनाला भारी, मागे हातभर जास्त लांब कॅरिअर असलेली. भित्री आहे, पण बोलायचं ते बोलणारच.

जन्मले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. कारखान्यात आकड्यांना लटकलेल्या आम्ही दोनशे जणी, सगळ्या हिरव्या, सगळ्यांची सीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मला घेतलं एका लॉन्ड्रीवाल्याने. त्याने पहिल्याच आठवड्यात मला वेल्डरपुढे उभं केलं आणि म्हणाला, "हिची पाठ वाढव." ठिणग्या उडाल्या, मी जाम दचकले, आणि संध्याकाळी बघते तर मागे जोडलेल्या दोन नळ्या आणि त्यावर ही लांब पाठ! दुखलं का, असं कुणी विचारलं नाही. त्या पाठीवरून मी वर्षानुवर्षं बोचकी वाहिली. हॉटेलच्या चादरी, दवाखान्यातले पांढरे कोट, आणि दर शनिवारी एका वकिलाची एकुलती एक काळी पँट.

मग लॉन्ड्रीवाल्याने टेंपो घेतला. मी दुकानामागच्या भिंतीला टेकले ती दोन वर्षं तिथेच. माझ्या आऱ्यांत कोळ्याने संसार थाटला. माणसांची एक गंमत आहे. एखादी वस्तू टाकवतही नाही आणि वापरवतही नाही, तिला ती 'असू दे' म्हणतात. मी दोन वर्षं 'असू दे' होते.

तिथून मला बाहेर काढलं ते आईने. माझी नव्हे, दोन मुलींची आई. मुली तिला जी हाक मारतात तीच मीही मारते. ती हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत काम करते. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालते आणि दीड महिन्याने करवतीने कापून काढते. दिवसभर लोकांना "काही होत नाही, घाबरू नका" म्हणते आणि घरी दारावरची बेल वाजली तरी हातातला चमचा पाडते. आपले कोट धुवायला टाकायला आली, तिने माझी लांब पाठ पाहिली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "हिच्यावर दोन मुली बसतील."

आमचं जमलं. दोघी सारख्याच दचकणाऱ्या.

घरी आधीच तिघी होत्या. एक तांबडी, गिअरची, अंगाने हलकी. आई एकटी कामावर जाते तेव्हा तिचा मान. दुसरी पावसाळी. रुंद मडगार्ड, काळा रंग, चिखलाची सवय. तिसरी निळी, थोरलीची. थोरली नऊ वर्षांची, निळीवर स्वतः बसते आणि आईलाच वाट दाखवते. धाकटी चार वर्षांची. ती माझ्या पाठीवरच्या खुर्चीत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांना नावं ठेवते. मुलींचे बाबा बोटीवर. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी.

रोज सकाळी सव्वासातला आम्ही निघतो. आधी पाळणाघर, मग शाळेचं फाटक, मग हॉस्पिटल. मोटारवाले काच खाली करून ओरडतात, "अहो बाई, पोरींना घेऊन मरायचंय का?" आम्हाला घासून जाणाराच हे विचारतो, याचं मला नवल वाटतं. वाघाने शेळीला विचारावं, एकटी हिंडायची भीती नाही का वाटत?

आणि सुट्टीत आम्ही मुक्कामाला जातो. तंबू, छोटा स्टोव्ह, गोधड्या, सगळं आमच्या अंगावर बांधायचं आणि जायचं. फार लांब नाही. कुठे नदी, कुठे माळ. दोन दिवस राहायचं आणि परत यायचं.

हे सगळं ज्याला बघवत नाही तो आईचा थोरला भाऊ. मुलींचा मामा. माणूस वाईट नाही. बहिणीवर जीव आहे, म्हणून तर रोज धास्तावतो. त्या दिवशी आला आणि जिन्याखाली आम्हा चौघींना अडखळला. पँटला माझ्या साखळीचं तेल लागलं.

"अगं, घर आहे की सायकलचं दुकान?"

"दादा, रुमाल देऊ?"

"रुमाल नको, अक्कल दे. माझी जुनी गाडी घे म्हणतोय, चालवायला शिकवतो म्हणतोय. एक दिवस एखाद्या ट्रकवाल्याचा डोळा लागेल आणि मग मला फोन येईल. कुणाला काय सांगू मी?"

आईने रुमाल पुढे केला. तिलाही तो ट्रक रोज दिसतो, हे मला ठाऊक आहे. तिच्या तळव्यांचा घाम माझ्याच मुठींना लागतो.

शेवटी मामाने पैज मांडली. "शनिवारी जाणारच आहेस ना तलावावर? जा. पण एकदा जरी मला न्यायला ये म्हणून फोन केलास, तर सोमवारी जुन्या सायकलीवाल्याला बोलावतो. पोरीची निळी ठेव, बाकी तिन्ही द्यायच्या. आणि गाडी शिकायची."

"आणि फोन नाही केला तर?"

"तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"कबूल," आई म्हणाली. मामा गेल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "काय बोलून बसले मी!"

आता आमच्या घरची चूक ऐका. घरात एकच सायकल असणाऱ्यांच्या हातून ती होऊच शकत नाही.

ठरलं होतं की आई पावसाळीवर जाईल आणि मी घरी राहीन. तलावाआधी चढ आहे आणि चढाला मी म्हणजे म्हैस. शुक्रवारीच सगळं सामान पावसाळीवर चढलं. शनिवारी दुपारी धाकटीने पावसाळीवरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि जमिनीवर फतकल मारलं. "मला हिरवीच पाहिजे." समजावलं, दटावलं, बिस्किट दाखवलं. बिस्किट खाल्लं, पण जागची हलली नाही. शेवटी आईने सगळं सामान माझ्यावर घेतलं. पिशव्या, गोधड्या, स्टोव्ह, पाण्याचा कॅन. एकेक वस्तू मोजून. फक्त तंबूच्या काळ्या काठ्या पावसाळीच्या काळ्या दांड्याला काळ्या पट्ट्याने बांधलेल्या होत्या. त्या आईला दिसल्या नाहीत. मला दिसल्या. घंटी असून उपयोग काय, ती स्वतःची स्वतःला वाजवता येत नाही.

बावीस किलोमीटर. चढावर आई उतरून मला ढकलत होती आणि थोरली पुढून ओरडत होती, "आई, अजून एकच वळण!" असं तिने पाच वळणांना सांगितलं.

तलावाकाठी मुक्कामासाठी राखलेलं मैदान होतं. एक नळ, एक संडास, बाकी गवत. शेजारी कुणी नाही. पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि वारा सुटला होता. आईने तंबूची पिशवी उघडली. कापड निघालं, दोऱ्या निघाल्या, खुंट्या निघाल्या. पुढे काहीच निघेना.

तिने पिशवी उलटी केली. झटकली. मग माझ्यावरची सगळी ओझी सोडली, गोधड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या. मग मटकन खाली बसली.

"काठ्या पावसाळीवर राहिल्या."

मग आईने फोन काढला. आकाश भरत होतं, धाकटीला शिंका सुरू झाल्या होत्या, अंधारात दोन मुलींना घेऊन तो उतार परत उतरणं शक्य नव्हतं. मामाचं नाव पडद्यावर आलं. मी तिचं बोट पाहत होते. त्या बोटाच्या एका दाबात तांबडीचं, पावसाळीचं आणि माझं आयुष्य होतं.

"आई, मामाला फोन करू नकोस," थोरली म्हणाली.

"नाही करत."

"मग बोट तिथे का ठेवलंयस?"

"तुम्हाला गारठा बाधला तर? मला कोण माफ करेल?"

"मी करेन. आत्ताच केलं. आता फोन ठेव आणि काहीतरी उंच शोध."

"मैदानात उंच काय असणार गं? गवत?"

असं म्हणत आईने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी सायकल आहे हो, खांब नाही! पण ऐकतंय कोण. मायलेकींनी मिळून माझी खुर्ची सोडवली आणि मला उलटी केली, पंक्चर काढताना करतात तशी. चाकं वर, सीट गवतात. समोर आठ पावलांवर निळीला तसंच उभं केलं. चाकं फिरू नयेत म्हणून सामानाचे पट्टे आऱ्यांतून ओवून घट्ट आवळले. कापड फाटू नये म्हणून आमच्या पेडलना मोजे घातले. मग एका चाकावरून दुसऱ्या चाकापर्यंत दोरी ताणली, तिच्यावर कापड टाकलं आणि चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या.

"तंबू कसला, चुरगळलेली टोपी आहे," आई म्हणाली. आणि हसली. तलावावर आल्यापासून पहिल्यांदा. फोन तिने पिशवीच्या तळाशी घातला आणि वर भांडी ठेवली.

झोप अशी कुणाला लागली नाही. पाऊस दोनदा आला. एक कोपरा गळला. आई उठून उठून कापड चाचपत होती. वाऱ्याचा जोर आला की दोरी मला ओढायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता गेले. नाही गेले. लॉन्ड्रीवाल्याच्या वेल्डरने जोडलेल्या त्या दोन नळ्या चिखलात रुतून घट्ट उभ्या राहिल्या. धाकटी मात्र माझ्या साखळीला गाल टेकवून गाढ झोपली आणि सकाळी अर्धं तोंड काळं घेऊन उठली.

सातला मामाची गाडी आली. कुणी बोलावलं नव्हतं, त्यालाच राहवलं नव्हतं. चहाचा थर्मास घेऊन उतरला आणि आमच्याकडे पाहतच राहिला.

"हे काय? काठ्या कुठायत?"

"घरी," थोरली म्हणाली.

"म्हणजे हरलात!"

"पैज फोनची होती दादा," आई कापड पिळत म्हणाली, "शहाणपणाची नव्हती. चहा ओत."

मामाने चहा ओतला. मग म्हणाला, "बरं, निदान पोरींना तरी गाडीत बसव." थोरलीने नाही म्हणून मान हलवली. धाकटी टुणकन गाडीत. "फितूर!" थोरली ओरडली. पण उताराच्या तिसऱ्या वळणाला मामाची गाडी कडेला उभी दिसली. धाकटीने सकाळचं सगळं दूध ओकून मामाच्या सीटवर परत केलं होतं. मामाने तिला स्वतःच्या हातांनी उचललं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि पट्टा लावला. पट्टा दोनदा ओढून पाहिला. "हळू जा," एवढंच म्हणाला.

पण जुन्या सायकलीवाल्याला मामाने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आता नको म्हणून कळवायचं तो विसरला. सोमवारी सव्वासातला, आम्ही निघायच्या वेळी, सायकलीवाला दारात हजर. त्याने वाकून माझा टायर दाबला, सीटवर थाप मारली. मी दचकले. नेहमीसारखीच.

"ताई, दादासाहेब म्हणाले होते तीन द्यायच्यात."

आईने माझा स्टँड पायाने वर घेतला. तिने माझ्या मुठी घट्ट धरल्या.

"एकही द्यायची नाही. उलट एक घ्यायची आहे. या धाकटीला यंदा स्वतःची लागेल. चौदा इंची आहे का तुमच्याकडे?"

"अहो ताई, मी न्यायला आलोय."

"मग येताना एक घेऊन या. आणि जरा सरका, आम्हाला उशीर होतोय."

"पिवळी आणा!" माझ्या पाठीवरून धाकटी ओरडली.

तो सरकला.

आज माझा रंग उडालाय, खुर्चीचा एक स्क्रू रोज ढिला होतो, आणि ट्रक जवळून गेला की माझं हँडल अजूनही थरथरतं. तुमच्याकडे मला काही मागायचं असेल तर दया मागणार नाही. कौतुकही नको. रस्त्यात आम्ही पुढे असलो तर दोन मिनिटं आमच्या मागे थांबा. तेवढाही धीर नसेल तर खुशाल हॉर्न वाजवा. आम्ही दचकू, पण बाजूला होणार नाही.