चौथं पॅनल

रंभाबाईंची फुप्फुसं निकामी होत गेली, तेव्हापासून कोन गावातल्या त्यांच्या घरात ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असे. वीज गेली तरी ते थांबू नये म्हणून त्यांचे यजमान दिनानाथ घरत यांनी छतावर सहा सोलर पॅनल आणि खाली बॅटऱ्या, इन्व्हर्टर बसवून घेतला होता. पण २०१७च्या पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस झाकलेलंच राहिलं. बॅटऱ्या भरेनात.

ज्या प्रांजलने हे सगळं बसवलं होतं, तिला, आणखी पॅनल लावता येतील का, असं विचारायला त्यांनी पेणला फोन केला.

"काका, इन्व्हर्टरच्या ताकदीपेक्षा पॅनल थोडी जास्त चालतात," ती म्हणाली. "भर दुपारी जास्तीची वीज तो घेतच नाही. पण आता तीन-तीनच्या दोन रांगा आहेत ना, तशीच तीनची तिसरी रांग करायची. एका रांगेत चौथं जोडायचं नाही. व्होल्टेज वाढतं, थंडीत तर आणखी चढतं. इन्व्हर्टरला ते सोसणार नाही. दिवाळीनंतर मी येते, तोवर थांबा."

दिनानाथ थांबले नाहीत. रंभाबाईंचा भाऊ भगवान घरांचं वायरिंग करायचा. तो तीन पॅनल घेऊन आला, तर पाण्याच्या टाकीमुळे छतावर दोनचीच जागा निघाली.

"दोन तर दोन," भगवान म्हणाला. "हर रांगेत एकेक घालतो."

"प्रांजल नको बोललेली."

"दाजी, ती कंपनीची मानसं, घाबरवतात. बघा चालू करून."

बहिणीसाठी धावून आलेल्या माणसाला काय म्हणायचं? दिनानाथांनी शिडी धरली. ऑक्टोबरच्या तापत्या दुपारी सगळं चालू झालं आणि बॅटऱ्या भरू लागल्या. रंभाबाई हसल्या. दिवाळीनंतर प्रांजलने विचारलं, तेव्हा दिनानाथांनी आता गरज नाही, एवढंच सांगितलं.

जानेवारीत रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि गावाची वीज गेली. बॅटऱ्यांनी रात्र काढली. सकाळी अंगात स्वेटर घालावा लागेल अशी थंडी होती. पॅनलांवर कोवळं ऊन पडलं, इन्व्हर्टरने टक् असा आवाज केला आणि जळका वास आला. मशीन किंचाळू लागलं.

दिनानाथांनी पलंगाखालचा छोटा सिलिंडर ओढून नळी जोडली. काटा अर्ध्याच्या खाली होता.

"कंचा आवाज?" रंभाबाईंनी विचारलं.

"काय नाय. तू बोलू नको."

त्यांनी प्रांजलला फोन लावला. भगवानने काय जोडलं ते सांगितलं. "काका, आतलं जळलंय. उघडू नका, पॅनलच्या तारांना हात लावू नका. त्यांत वीज आहे. काकूंना आधी दवाखान्यात हलवा."

"मशीन कसंबी चालू नाय होनार?"

"नाही, काका."

बोलावलेली अँब्युलन्स कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकली होती. दिनानाथ अंगणात आले. छतावर आठही पॅनल उन्हात चकाकत होती. मशीन धड होतं. मधलं एक खोकं मेलं होतं, आणि या उन्हातला एक श्वासही त्यांना बायकोपर्यंत नेता येत नव्हता. आत सिलिंडरचा काटा खाली सरकत होता. बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

शेवटी भगवानच टेम्पो घेऊन धावत आला. मागे गादी टाकून रंभाबाईंना निजवलं. पनवेलच्या दवाखान्याच्या दारात सिलिंडर संपला. त्यांचे ओठ निळे पडले होते.

त्या वाचल्या. पण घरी आल्या तेव्हा मोरीपर्यंतही चालवत नव्हतं. प्रांजलने नवा इन्व्हर्टर बसवला, ती दोन पॅनल काढली आणि दिनानाथांकडे न बघता, "आता ठीक आहे," एवढंच म्हणाली. भगवान मात्र त्या दिवसापासून आला नव्हता. इन्व्हर्टर कशाने जळला, ते रंभाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी त्याचा फोन आला. रंभाबाई खुशीत बोलल्या, मग फोन नवऱ्याच्या हाती दिला.

"दाजी," पलीकडून भगवान म्हणाला. त्याचा हुंदका ऐकू आला.

दिनानाथांना खूप बोलायचं होतं. भगवानला, आणि स्वतःलाही. पण रंभाबाई बघत होत्या.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.