घासून न जाणारं कडं

गुरुग्रामच्या एका सोसायटीचा हॉल खचाखच भरला होता. इंजिनिअर, अधिकारी, बँकवाले, सगळे चपला काढून मांडी घालून. लोकांनी गेल्या रविवारी दिलेली हातातली स्टीलची कडी, स्वतःला आचार्य म्हणवणारा एक बुवा परत करत होता. ती पिवळीधमक झाली होती.

श्रद्धा ठेवा, असं हा लुच्चा कधीच म्हणत नसे. म्हणे, "एहि पस्सिको. आओ, देखो, घिसो. मुलम्मा होगा तो उतर जाएगा. यह तेज लोहे के भीतर उतरा है. खून में भी उतरेगा, शक्कर जला देगा."

प्रफुल्ल इथेच फसला. नागपूरकडचं बौद्ध कुटुंब, केंद्र सरकारची नोकरी, घरात बुवा-बाबाला थारा नाही. 'या आणि पाहा' हे बुद्धवचन तो लहानपणापासून ऐकत आलेला. त्याने पाहिलं. कडं देण्याआधी आतून खूण कोरून ठेवली होती. ती तशीच होती, म्हणजे अदलाबदल नाही. तारेच्या घासणीने घासलं. सराफाकडून ॲसिडचा थेंब टाकून घेतला. रंग हलला नाही. मग ते कडं मधुमेही लेकीच्या, लुंबिनीच्या हातात घातलं आणि आचार्याच्या सांगण्यावरून तिचं इन्सुलिन बंद केलं. बायको, प्रेमला, नको म्हणत राहिली. तिला त्याने अडाणी ठरवलं.

लुंबिनी आयसीयूत गेली, तेव्हा त्याची बहीण समता गाझियाबादहून धावत आली. तिथे कापायच्या, भोक पाडायच्या हत्यारांवर कठीण लेप चढवणाऱ्या कारखान्यात ती इंजिनिअर आहे. नर्सने काढून दिलेलं कडं मुठीत धरून प्रफुल्ल एकच घोकत होता, की मी सगळं तपासलं होतं. समताने पर्समधून एक ड्रिल बिट काढून कड्याशेजारी धरलं. रंग तोच.

"सोनं-बिनं नाही, दादा. टायटॅनियम नायट्राइड. हवा काढलेल्या तापत्या भट्टीत टायटॅनियमची वाफ करायची, नायट्रोजन सोडायचा. थर केसाहून कितीतरी पातळ, म्हणून तुझी खूण दिसली. थर आणि लोखंड जिथे जुळतात, तिथे लोखंडाचे अणू जरासे वर सरकतात, टायटॅनियमचे खाली. म्हणून पकड सुटत नाही. आमच्याकडे रोज होतं हे, मंत्राशिवाय."

"म्हणजे आत उतरलं, हे खरं होतं यार," तो पुटपुटला.

"लोखंडात. हिच्या रक्तात काय उतरलं, ते पाहिलंस?"

साखर मोजायचं मशीन घरातच होतं. प्रफुल्लने ते कपाटात टाकलं होतं. परीक्षा तर झालीच होती ना.

लुंबिनी वाचली नाही.

आम्ही तपासून मानतो, असं तुम्हीही छाती फुगवून सांगता. काय तपासता? तो कडं पुढे करतो, तुम्ही कडं घासत बसता. कडं खरं निघालं म्हणून माणूस खरा ठरत नाही. दावा साखरेचा आहे? मग साखर मोजा. आणि डॉक्टरला न विचारता औषध बंद करायला सांगणारा भेटला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. पोलिसांत द्या.