दट्ट्यांची पेटी आणि पायलचा डावा हात

मित्रांनो, मी सागाच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. पेटी म्हणतात खरं, पण मला झाकण नाही. हातभर लांबीचा एक ठोकळा, त्यात दहा गोल भोकं आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा, वर छोटी मूठ असलेला एक लाकडी दट्ट्या. पहिला जाडजूड, शेवटचा करंगळीएवढा. पारशिवनीच्या मारोतराव सुतारांनी मला घडवलं. दट्ट्या भोकात सोडून ते कान लावून ऐकत. मऊ आवाज आला नाही, तर पुन्हा कानस घेऊन बसत.

प्रताप नगरात शोभाताईंचं बालमंदिर होतं, तिथे मी आले. दोन खोल्या, पायऱ्यांचा व्हरांडा आणि तीसेक मुलं. मूल चटई अंथरायचं, मला दोन्ही हातांनी उचलून आणायचं, सगळे दट्टे काढून मिसळायचं आणि पुन्हा बसवायचं. दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतोच. मग मूल आपणच विचारात पडतं आणि आपणच चूक शोधतं. कोणाला ओरडावं लागत नाही. बाहेरगावच्या शिक्षिका पाहायला आल्या, की शोभाताई मला पुढे करून म्हणत, "खरी मास्तरीण ही. मी नुसती बसून असते."

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग पायल आली. चार वर्षांची, फार कमी बोलणारी. तिची आई प्रेमिला जवळच्या खानावळीत पोळ्या करायची. पायल डावखुरी होती. डाव्या हाताच्या तीन बोटांनी ती दट्ट्याची मूठ अशी धरायची, जणू फुलपाखरू धरलंय. तीन दिवस तिच्याजवळ एक जाडा दट्ट्या उरत राहिला. चौथ्या दिवशी दहाही बसले. ती हसली नाही, की कोणाला हाक मारली नाही. सगळे काढले आणि पुन्हा बसवले. असं अकरा वेळा. शोभाताई दारात उभ्या राहून मोजत होत्या. 

त्याच वर्षी शोभाताईंचे गुडघे गेले. बालमंदिर त्यांनी गणपतरावांच्या संस्थेकडे सोपवलं. स्वतः मदतनीस म्हणून तिथेच राहिल्या. चटया गेल्या, बाकं आली. एका खोलीत पन्नास मुलं झाली. मला काचेच्या कपाटात ठेवलं. प्रवेशाच्या दिवसांत आईवडिलांना दाखवायला कपाट उघडायचं, मग पुन्हा कुलूप.

भैरवी नावाची नवी शिक्षिका आली. जेमतेम बावीस वर्षांची. मोठ्या शाळेच्या मुलाखतीआधी पन्नासही मुलांना लिहिता आलं पाहिजे, असं तिला बजावलेलं होतं. पायलने डाव्या हातात पेन्सिल धरली, की भैरवी ती काढून उजव्यात द्यायची. पायल पुन्हा डाव्यात घ्यायची. शेवटी भैरवीने रुमालाने तिचा डावा हात पाठीमागे, फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून टाकला.

"मॅडम, मले नाही जमत," पायल म्हणाली.

"जमते. पाह्य, सगळे लिहून राहिले ना?"

मी काचेआडून पाहत होते. शोभाताईंनीही पाहिलं. त्या गणपतरावांकडे तक्रार घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा गणपतराव मागून बोलतच होते, "ताई, तुम्ही आता यात पडू नका. घरी बसून आराम करा, वाटल्यास." त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा बांधला. तिसऱ्या दिवशीही.

बाराव्या दिवशी शाळा सुटली. पन्नास मुलं एकदम दाराकडे धावली. पायलचा हात सोडायचा राहून गेला होता. व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर तिला धक्का लागला. पडताना सावरायला तिच्याजवळ एकच हात होता. सगळा भार त्याच्यावर आला आणि कोपर मोडलं.

भैरवी धावत गेली. तिने आधी रुमाल सोडला. मग पायलला उचललं.

संध्याकाळी गणपतरावांनी शोभाताईंपुढे कागद ठेवला. "पोरगी खेळता खेळता पडली, एवढंच लिहा."

शोभाताईंनी त्यावर रुमालाचं सगळं लिहिलं आणि सही केली. तेवढ्यात दवाखान्यातून प्रेमिला आली. तिच्या बाहीला अजून कणीक लागलेली होती.

"ताई, तुमाले माहीत होतं?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"मला घरी पाठवतील म्हणून भ्याले, प्रेमिला."

प्रेमिलाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग मुलीचं दप्तर उचलून निघून गेली.

शोभाताईंना काढलं. भैरवीलाही काढलं. शाळा मात्र सुरू राहिली. जाताना शोभाताईंनी मला कपाटातून मागून घेतलं.

प्लास्टर निघाल्यावर त्या मला घेऊन प्रेमिलाच्या घरी गेल्या. पायलचं उजवं कोपर सरळ होत नव्हतं. ते आता पुरतं सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शोभाताईंनी चटई अंथरून मला तिच्यापुढे ठेवलं आणि त्या लांब जाऊन बसल्या.

पायलने माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग डावा हात मांडीखाली सरकवला आणि त्यावर बसून राहिली. प्रेमिला भिंतीकडे तोंड करून रडली. अर्ध्या तासाने शोभाताई उठल्या. मला तिथेच राहू दिलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी याच घरात, खिडकीखाली आहे. प्रेमिला मला रोज पुसते. माझे दहाही दट्टे जागेवर आहेत, कारण ते कोणी बाहेर काढत नाही. लाकडाला बोलता येत नाही, म्हणून मी काचेआड गप्प राहिले. तुम्हाला तोंड आहे. तुमच्या वर्गात कोणाचा हात असा बांधलेला दिसला, तर त्याच दिवशी घरी जाऊन सांगा. आणि आईबाबांनो, तुमचं मूल तुम्हाला असं काही सांगत आलं, तर हातातलं काम टाकून उठा.